डावीकडचं, बाहेरचं

माझे वडील हवाई दलात होते
आणि विमानात कधीच बसले नाहीत.
शाळेत हे सांगितलं की पोरं हसायची.

ते जमिनीवरचे. फिटर.
लिंकनशरमधल्या बीटाच्या शेतांत
डांबराचा एक गोल तुकडा,
त्यावर चार इंजिनांचं विमान
आणि चाळीस पावलांवर फळकुटं ठोकून केलेली
त्यांची खोपटी.
जानेवारीत पाना हाताला चिकटायचा,
सोडवताना कातडी त्याच्यापाशीच राहायची.
हातमोज्यांनी क्लिप बसत नाही, म्हणायचे,
बोटांना दिसावं लागतं.

अंधार पडता पडता पायलट यायचा,
टॉर्चच्या उजेडात फॉर्मवर सही करायचा:
विमान ताब्यात मिळालं.
त्याच्या वरच्या ओळीत वडिलांची सही:
विमान ठीक आहे.
एवढीच ओळख.
डेन्झिल ट्रेगिअर, कॉर्नवॉलचा, बावीस वर्षांचा,
सही करताना जिभेचं टोक बाहेर काढायचा
पहिलीतल्या मुलासारखं.

अकरा गेली.
पहाटे दहा आली.
बाकीचे न्याहारीला गेले, वडील उभेच राहिले
तेलाच्या चार डागांच्या मधोमध.
दुपारी नवं विमान आलं,
त्याच डागांवर नीट आणून लावलं.

डावीकडचं, बाहेरचं इंजिन.
कूलंटच्या नळीची क्लिप.
शेवटचा अर्धा आटा दिला होता की नाही?
कुणीतरी हाक मारली होती, चहा आला म्हणून.

हे त्यांनी आईला सांगितलं नाही.
मला सांगितलं, चव्वेचाळीस वर्षांनी,
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या.
मला फक्त बूट दिसत होते.
सात जण होते, बूट म्हणाले,
आणि मग, तो लहान पाना दे.

तेव्हा मला आमच्या घरातले नळ कळले.
झोपण्याआधी एकेक पिळून बघायचे,
वॉशरची वाट लागायची दर दोन महिन्यांनी.
आई म्हणायची, मनगटं माझी मोडतात रे बाबा.

आई गेल्यावर, त्यांच्या एक्याऐंशीव्या वर्षी,
हॉलंडमधून एक पुडकं आलं.
योल्ट नावाचा शेतकरी. चर खणताना
चिखलात इंजिन लागलं म्हणे.
इंजिनावरच्या पट्टीचा नंबर लिहिला होता,
वर्तमानपत्रात गुंडाळून नळीचा तुकडा पाठवला होता.
तुकड्यावर क्लिप.

मी ती हलवून पाहिली. हलेना.
घट्ट आहे, मी ओरडले, बघा, घट्ट आहे!
साठ वर्षं पाण्यात राहून घट्ट आहे!

वडिलांनी चष्मा पुसला, नंबर वाचला,
पुन्हा वाचला.
उजवीकडचं, म्हणाले. आतलं.
ही माझी नव्हे. ही आर्नल्डची.

खिडकीबाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.
मला वाटलं आता रडतील,
मी खुर्ची जवळ ओढली.
ते अंगठा फिरवत राहिले क्लिपवरून,
दुसऱ्याचं काम तपासावं तसा.

चांगली बसवली होती आर्नल्डनं, म्हणाले.
त्याच्या बायकोला कळवलं पाहिजे.
आणि कळवलं, त्याच संध्याकाळी, दोनच ओळी,
खाली सही, वरच्या ओळीत असायची तशी.

रात्री जिन्यावर पावलं वाजली.
न्हाणीघर. संडास. स्वयंपाकघर.

सकाळी किटली भरायला
मला दोन्ही हात लावावे लागले.