दोन किल्ल्यांचं काम

हंसामावशी पोंक पाखडत विचारते,
दिवसभर करतेस तरी काय तिथे, फतेगंजला?
उंदराच्या पेशी सांभाळते, म्हणते मी.
उंदीर?
उंदीर नाही गं, नुसत्या पेशी.
गुलाबी पाण्यात, सदतीस अंशांवर.
दर दोन दिवसांनी नवं पाणी मागतात,
रविवार त्यांना ठाऊक नाही.

त्यांच्यातलं एक जनुक मला बंद पाडायचंय.
पहारेकऱ्याचं. परका जंतू आला
की पहिली आरोळी तेच देतं, असं आम्हाला वाटतं.

'वाटतं' म्हटल्यावर मावशी मान वर करते.
एकतीस वर्षं रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेत
लॉकरची किल्ली तिच्या ताब्यात होती.
कुणाला काय वाटतं यावर
तिनं कधी दार उघडलं नाही.

म्हणून तिच्याच भाषेत सांगते:
तुमची एक किल्ली बँकेची, एक लॉकरवाल्याची.
आमचंही तसंच. पूर्वीची कात्री
एका फटक्यात दोन्ही धागे कापायची,
आणि सारखी पाटी दिसली की
भलत्याच घरात शिरायची.
आता तिचं एक पातं बोथट केलंय.
अशा दोन पाठवतो,
एक या धाग्यावर, एक समोरच्या,
मध्ये जेमतेम चाळीस अक्षरं.
दोघी पोचल्या तरच तुटतं.

आणि एकटीच पोचली, भलतीकडे?
खरचटतं.
पेशी समोरच्या धाग्यावर बघून
अक्षरन्‌अक्षर भरून काढते.
म्हणजे रजिस्टरात नोंदच नाही?
नाही.
आमच्याकडे फुकट खेप झाली
तरी सही लागायची, म्हणते मावशी.

बुधवारी रात्री जेलवर पट्टी उजळली,
असायला हवी त्याच्या किंचित खाली.
भाविननं फोटो काढला, हात हलला,
पुन्हा काढला.
शनिवारी वाचून आलं: सतरा अक्षरं गळाली.
ही लिपी तीन-तीनच्या घासानं वाचतात.
सतरा गेली की पुढचं सगळं वाक्य घसरतं,
आणि थोड्याच अंतरावर
नको तिथे पूर्णविराम.

पण पेशी? पेशी तशाच.
तितक्याच गोल, तितक्याच भुकेल्या,
बशीच्या तळाला चिकटून, शेजारणीला खेटून
वाढतायत.
हे सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

मावशी सुपातला कोंडा फुंकते.
मी रिटायर झाले ना, त्याच सोमवारी
मुद्दाम बँकेवरून गेले.
म्हटलं, अडलं असेल माझ्यावाचून.
आत मोहित्यांची सून, माझ्याच खुर्चीत,
कमरेला माझीच किल्ली.
लॉकर उघडत होते.
कुणीतरी म्हणालं, बेन, चहा घ्या.
घेतला.

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाही,
तिसऱ्या किकला होते.

उद्या त्या पेशींना मी
मेलेल्या जंतूच्या कवचाचा अर्क देणार आहे,
चिमूटभरसुद्धा नाही, चिमटीत दिसणारही नाही इतका.
आरोळी आली नाही, तर पहारेकरी खरंच तो होता.
आली, तर आत आणखी कुणी आहे
आणि त्याचं नाव आमच्या वहीत नाही.

मावशी पोंकात शेव घालते, लिंबू पिळते,
वाटी माझ्याकडे सरकवते.
किती वेळानं कळेल?
सहा तास.
मग डबा घेऊन जा, म्हणते.