निशाणी सतरा

धुळ्याच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
मी साहेबांच्या उजव्या हाताला बसतो
आणि बोललं जातं ते टाइप करतो.
राहून गेलेलं माझ्या पगारात बसत नाही.

त्या दिवशी टेबलावर एकच बाई दोनदा होती.
निशाणी सोळा : दोंडाईच्याच्या मायबाई छाप तिखटाचं पाकीट,
डोक्यावर पदर, हातात मुसळ,
चेहरा कॅलेंडरातल्या देवीसारखा.
निशाणी सतरा : कापडी पिशवी.
तोच पदर, तीच नथ,
फक्त जीभ वीतभर बाहेर,
आणि खाली लाल अक्षरांत :
तिखं लागनं व माय, पानी दे!
किंमत साठ रुपये.

पाकीट सीलबंद होतं,
तरी पट्टेवाला भिकन सकाळपासून शिंकत होता.

वादीचे वकील म्हणाले, चित्र आमचं, नाव आमचं,
पस्तीस वर्षांची पत आमची,
आणि ही बाई आमच्या चुलीवर
आपली पोळी भाजते.

ही बाई म्हणजे रुकय्या मोमीन,
स्क्रीन प्रिंटिंग, गल्ली नंबर चार.
तिच्या वकिलांनी संविधान काढलं.
कलम एकोणीस. थट्टा हेही बोलणंच.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
बोलणं, तर मग साठ रुपये कसले?

कापडाचे, रुकय्या मध्येच म्हणाली,
थट्टा फुकट आहे.

कोर्ट हसलं. मी बोटं उचलून धरली.
यंत्रावर हसण्याचं बटण नाही.

मग सुपडू शिंपीचा पुकारा झाला.
वय सत्त्याहत्तर, नखांत अजून निळा रंग.
पावती दाखवली : रोख दीडशे मिळाले, तक्रार नाही.
सही तुमची? हो.
चित्र कोणाचं? शेटचं.
आणि बाई?

तो पाकिटाकडे बघत राहिला,
मग पिशवीकडे, बराच वेळ.
मन्ही मावशी शे, म्हणाला.
ती आशीच हासे, जीभ काढीसन.
मी तशीच काढेल व्हती पहिले.
शेट म्हणाले, जीभ नको, देवीसारखी कर.

असंबद्ध, साहेब म्हणाले, घेऊ नका.
मी घेतलं नाही.

निकाल अकरा पानी.
चित्राचा हक्क वादीचा.
परंतु पिशवी घेणारा
आत तिखट आहे समजून घेत नाही,
सबब थट्टा चालू राहील,
मायबाई हे नाव मात्र कुठे दिसता कामा नये.
खर्च ज्याचा त्याने सोसावा.

रविवारी पाचकंदीलला ती दिसली,
कुणाच्या तरी खांद्यावर,
भरताच्या वांग्यांनी गच्च,
गाल फुगलेले, जीभ आणखीच लांब.

दुसरी रेकॉर्ड रूममध्ये आहे,
लाखेच्या सीलखाली.
घडी मीच घातली होती.
जीभ आत दुमडली गेली.