दुसऱ्या लघवीचा नमुना

पहाटे चारला धक्क्यावर ट्रक लागतो
आणि निम्म्या अमेरिकेची लघवी
माझ्या टेबलावर येऊन पडते.

थर्मोकोलचे डबे, बर्फाच्या पिशव्या,
आत अंगठ्याएवढी कुपी.
कुणाची मधासारखी, कुणाची कोऱ्या चहासारखी,
कुणाची इतकी नितळ की वाटावं
या माणसाला कधी काही झालंच नाही.

सूचना आम्हीच छापलेल्या:
उठल्यावरची पहिली सोडून द्या,
दुसरी धरा.
आदल्या दिवशी केळं नको, चॉकलेट नको, दारू नको.
रडू नका असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

मी फक्त डबे उघडतो, बारकोड चिकटवतो.
काचेपलीकडे यंत्र, यंत्रातून पट्ट्या,
हिरवी, पिवळी, नारिंगी,
सेरोटोनिन इतकं, डोपामिन तितकं,
आणि तळाशी, अगदी योगायोगाने,
आम्हीच विकतो त्या गोळ्यांची नावं.

प्रिबिलबाईंना एकदा विचारलं,
हे मेंदूतलंच कशावरून?
हातमोजे ओढून काढत त्या म्हणाल्या,
"बरंचसं मूत्रपिंडातच तयार होतं रे.
मेंदूचं दार इतकं सैल नसतं.
तू डबे उघड."

उघडले.

थोरा हाउगेन, वय एकाहत्तर, नॉर्थ डकोटा.
दर तीन महिन्यांनी.
हिची कुपी लोकरीच्या मोज्यात यायची,
तान्ह्या बाळाच्या, टाचेला रफू केलेल्या.
मोजा परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही.
माझ्या खणात पाच साठलेत,
एकाचाही जोड नाही.

फॉर्मवर 'झोप' या चौकटीत ती लिहायची:
होती, शेजारच्या कुत्र्याला.
'मनःस्थिती, एक ते दहा':
वारा वायव्येचा.
प्रिबिलबाई म्हणायच्या, आकडा नाही ना, मग शून्य टाक.
मी सहा टाकायचो.
का, ते माहीत नाही. सहा बरा दिसतो.

फेब्रुवारीत डबा आला तो फॉर्मशिवाय.
आत पशुखाद्याच्या बिलामागे पेन्सिलीने:

"मागच्या खेपेचं माझं नव्हतं.
जुनिपरचं होतं. माझी घोडी, वय सव्वीस.
बादली धरून तबेल्यात पाऊण तास उभी होते.
तिलाही पहिली सोडायला लावली,
नियम म्हणजे नियम.
तुम्ही कळवलंत, आनंद कमी पडतोय,
एकाग्रता बेताची,
दोन कॅप्सूल, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
मी तिला सगळं वाचून दाखवलं.
तिने कागदाचा कोपरा खाल्ला,
बहुधा नारिंगी पट्टीचा.
पैसे परत नकोत.
एवढंच सांगा, तिकडे हे कुणी वाचतं का?"

मी हसलो. इतका की काचेपलीकडच्या पोराने
यंत्र सोडून माझ्याकडे पाहिलं.
मग आठवलं,
घोडीच्या मनःस्थितीलाही सहा मीच दिले होते.

सहावा मोजा निळा होता.
त्यातली कुपी या वेळी कुणाची,
ते तिने लिहिलं नव्हतं.
ट्यूबलाइटखाली धरली, हलवली,
थोडा फेस आला, बसला.
बाई की घोडी,
मला काही सांगता येईना.
आणि सांगता आलं असतं, तरी
त्या पाऊण तासाची पट्टी कुठल्या रंगाची?
थंडीत, बादली हातात,
एका जनावराला म्हणत, घाई नाही, गं.

रिकामा डबा घेतला. पाच मोजे त्यात ठेवले,
निळा ठेवून घेतला.
पावतीच्या मागे लिहिलं:
वाचतो.
किर्क, माल-आवक.
इथे सध्या वारा पडलाय.

कुपीला बारकोड लावायचा राहिलाय अजून.
धक्क्यावर दुसरा ट्रक
मागे येताना पीप पीप करतोय.