सहाशे बारा

थांबा, ही किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागते.
कुलूप जुनं, दार नवं.
बिजागऱ्या कुणाच्या, ते आता कुणालाच आठवत नाही.

या. पायरी सांभाळा.
बसवणाऱ्यांनी ती आधी पालथी बसवली होती,
झिजलेली बाजू खाली.
म्हाताऱ्या ओनोरीनाने एक पाऊल टाकलं आणि म्हणाली,
ही माझी नाही.
दुसऱ्या दिवशी पायरी उपसून उलटवली.

सहाशे वर्षं उभं होतं.
पडायला, चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ.
मे महिना, रात्रीची जेवणं नुकती आटोपलेली.
उजाडल्यावर पाहिलं तर घंटा मक्याच्या कोवळ्या रोपांत
खुडूक कोंबडीसारखी बसलेली.

ऊदिनेहून माणसं आली, यंत्रं आली.
म्हणाली, हा ढिगारा नदीत लोटू.
आमच्या बायका विणकाम घेऊन
ढिगाऱ्यावर जाऊन बसल्या.
तीन दिवस. कुणी घोषणा दिली नाही.
चौथ्या दिवशी यंत्रं परत गेली, आणि
त्याच आठवड्यात एका पायमोज्याची टाच पुरी झाली.

मग आकडे. माझा बाप, एर्माकोरा,
सहीपलीकडे कधी काही न लिहिलेला,
हातात पांढऱ्या रंगाचा डबा.
झानुत्तोच्या शेतात दगडांच्या रांगा लागल्या.
आधी कारखाने, मग घरं, मग चर्च, असं ठरलेलं,
म्हणून दगड नऊ हिवाळे उघड्यावर.
शंभराच्या पुढचे आकडे मी तिथेच शिकले:
एकशे सत्त्याऐंशीवर शेवाळ,
दोनशे तीनखाली सरडा.

ही लिंबाच्या लाकडाची मरियम. लिंब म्हणजे लिंडन, आंबट नव्हे.
नाक तुळईखाली गेलं. भोकं मात्र किड्यांची, आधीपासूनची;
सगळंच भूकंपाच्या माथी मारू नका.
हा चांदीचा चषक फादर तार्चिझिओंनी
बुटांच्या खोक्यात घालून तंबूत उशाशी ठेवला होता.
वेदीवर सोन्याचे देवदूत अकरा.
बारावा संग्रहालयात आहे, उसना म्हणून नेलेला.
दर नाताळला आम्ही पत्र पाठवतो.
दर नाताळला ते शुभेच्छा पाठवतात.

आणि ही भिंत.
संत ख्रिस्तोफर, छतापर्यंत पोचणारा, पायांशी नदी, नदीत मासे.
रंगवणाऱ्याने मासा पाहिला होता, माणसाचे गुडघे बहुधा नव्हते.
सकाळी याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही,
असं जुनी माणसं सांगत.
त्या दिवशी सगळ्यांनीच पाहिलं होतं.

खांद्यावरच्या बाळाला चेहरा नाही, हे तुम्ही पाहिलंत.
सगळे तिथेच थांबतात.
तिथे नुसता राखाडी गिलावा आहे.
तज्ज्ञ बाई म्हणाल्या,
हरवलेलं हरवलेलंच दिसू द्यावं, अंदाजाने रंगवू नये.
मला ते पटलं.

वही या कपाटात आहे. बघा:
सहाशे अकरा, कान आणि केस.
सहाशे तेरा, खांदा, लाल वस्त्र.
मधे सहाशे बारा. सापडला नाही.
सहाचा आकडा गळासारखा वळलेला,
तो बापाचाच हात.

माझा धाकटा भाऊ, डोरीनो, तीन वर्षांचा.
त्या शरदात बापाने त्याची माती पुन्हा उकरली.
खचलीय, सारखी करतो, म्हणाला.
काहीतरी जड होतं, डोरीनोच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं.
मी सहा वर्षांची. कंदील धरायचा, एवढंच माझं काम.
कंदील मी हलू दिला नाही.

लोक विचारतात, तो दगड पुढे मिळाला का?
मी सांगते, गावाबाहेर गेलेला नाही.
यात खोटं काय?

चला, बाहेर व्हा हळूहळू, पायरी सांभाळा.
दिवस मावळायच्या आत
मला तिकडचं गवत काढायचंय.