होडी

दर्यापूरकडे दर्या नाही.
विहिरींना खारं पाणी आहे तेवढंच,
बादलीत साबण फुटत नाही असं.

रविवारी उपासना सुटली की
अकोल्याच्या गाडीनं एलिया येतो.
टांझानियाचा. कृषी विद्यापीठात
बोंडअळीवर अभ्यास करतो,
दारातून वाकून आत येतो.
बंद पडत चाललेल्या मिशन दवाखान्याच्या ओसरीत
बाकड्यावर बसून मला स्वाहिली शिकवतो.
ऑगस्टात निघायचं आहे.
चोपन्नाव्या वर्षी मी पाटी-पेन्सिलीपाशी.

माजी म्हणजे पाणी.
आमच्याकडे माजी म्हणजे सरपंच,
जो पाणी आणणार होता.
साबुनी, दावा, पेसा, गारी,
ही तर आपलीच माणसं,
आधी जाऊन जागा धरून बसलेली.
एंबे म्हणजे आंबा, म्हणाला,
आणि मला उगाच भरून आलं.

मग एक शब्द : पोले.
कुणाला लागलं, कुणी दमलं, कुणाचं माणूस गेलं
की म्हणायचं.
आपली चूक नसली तरी?
नसली तरी, एलिया म्हणाला.
सत्तावीस वर्षं नर्स आहे मी.
मराठीत शोधला, सापडला नाही.
आपल्याकडे जीभ टाळूला लावतात
आणि सोडतात, च्च.
तो वहीत कसा लिहायचा?

वही जुनीच आहे, अर्धी कोरी.
ड्रेसिंगच्या कपाटात तळाशी मिळाली.
पहिल्या पानावर मिस आल्मा, एकोणीसशे एकतीस.
याच ओसरीत तिला मराठी शिकवायला
पंडित यायचे, छत्री घेऊन.
एक पानभर ळ. नुसता ळ.
काही ळ पाय मोडलेले,
काही शेवटाकडे उभे राहिलेले.
पुढे : डोळा. जळजळ. बाळ. कळ कुठे येते?
आणि समासात, नंतर कधीतरी, पेन्सिलीनं :
इथे डोया म्हणतात.

बाई गं.
समुद्र ओलांडून आलीस,
चाळीस वेळा ळ गिरवलास,
आणि गावात ळ नव्हताच.

हे एलियाला सांगितलं तेव्हा
तो आधी हसला, मग गप्प झाला.
म्हणाला, तुम्ही जाताय तिथं आमच्याकडच्या म्हाताऱ्या
स्वाहिली बोलत नाहीत फारशी.
सुकुमा बोलतात.
हे आधी का नाही सांगितलंस?
त्यानं सांगितलं असतं तर
मी काय केलं असतं, तेही खरंच.

परवा वेणूबुढीच्या पायाला पट्टी करायला गेले.
तिथं दार वाजवत नाहीत,
उंबऱ्याबाहेर थांबून म्हणतात, होडी.
आतून करीबू आलं की आत जायचं.
म्हटलं सराव करावा.
होडी!
आतून काहीच नाही.
होडी, होडी!
"कोन हाये वं? कायची होडी?
नदीले तं पानी नाई!"

पाय मांडीवर घेतला. सगळं सांगितलं.
ती ऐकत होती, वाती वळत.
"मंग तिथल्या बुढ्यायले काय इचारशीन?"
इनाउमा वापी. कुठं दुखते.
तिनं तोंडात घोळवून पाहिलं : इनावमा.
"हे तं झालं तुह्यं इचारनं.
आन् त्या सांगतीन, ते समजन तुले?"

पट्टी जखमेला चिकटली होती.
कोमट पाणी सोडत राहिले.
वेणूबुढीनं जीभ टाळूला लावली
आणि सोडली.
च्च.
पायासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.
विचारलंही नाही.