दमलेल्या, या

सेक्टर एकोणीसचं समाजमंदिर, कोपरखैरणे.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा.
पाटीवर अजून जानेवारीतलं हळदीकुंकूच आहे,
खाली तृषालीनं खडूनं लिहिलंय: झुंबा, महिना सहाशे.

पहिल्या आठवड्यात आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या.
मी, मढवींची कुंदा, आणि जावळीकडची शेडगेवहिनी,
जिच्या नवऱ्यानं तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली
आणि जिचा गुडघा, ती म्हणते, त्याच वजनानं गेला.
शीबा सिस्टर ड्यूटीवरून थेट,
अंगाला स्पिरिटचा वास.

तृषालीनं ब्लूटूथ जोडलं आणि ते गाणं आलं.
"स्पॅनिश आहे काकी. अर्थाकडे नका बघू, कमरेकडे बघा."
ढोलकी नव्हती, पण ढोलकीची मावसबहीण असावी.
एक ठोका गाळून पुढच्यावर बसायची,
हळदीला बेंजोवाला मुद्दाम चुकवतो
आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्या उठतात, तसं.
मग तो गाणारा, घशात वाळू घेऊन, ओरडला:
दामेला या! दामेला या!

कुंदाच आधी हसली.
"आयकलंस गो? त्यो आपल्याना बोलवतंय.
दमलेल्या, या!"

गेलो.
त्या दिवसापासून तीन मिनिटं चाळीस सेकंद
समुद्रापल्याडचा एक परका बाप्या
आम्हाला हाक मारायचा.
बेलापूरला दिवसभर शिक्के मारून दमलेल्या, या.
सासऱ्याला कूस बदलून देऊन देऊन दमलेल्या,
तुम्हीसुद्धा.
शेडगेवहिनी गुडघ्याला पट्टा बांधून यायची
आणि बरोब्बर त्या ओळीला
दोन्ही हात वर, अंगात आल्यासारखी.

दिवाळीनंतर तृषाली म्हणाली, सरप्राइज.
तेच गाणं, आता इंग्लिशमध्ये.
गाणारा तोच, सोबत एक अमेरिकन बाई.
जगात एक नंबरला हेच गेलं म्हणे, पहिलं नाही.
ठोका तोच होता. वाळू मात्र कुणीतरी चाळून घेतलेली.
आणि जिथं आमची हाक यायची तिथं,
बातम्या सांगितल्यासारखं स्वच्छ:
गिव्ह इट टू मी नाऊ.

एवढं कळायला कॉलेज लागत नाही.
दे. मला दे. आत्ता दे.
डबा दे, रिमोट दे, सही दे, सातबारा दे.
पाय आपोआप थांबले.
शीबा सिस्टर उगाच बाटलीचं झाकण लावत-काढत बसली.
"म्हणजे आधीपासून हेच म्हणत होता मेला?"
तृषालीनं फोनमध्ये बघितलं.
"हो वहिनी. शब्दाला शब्द."

मला घणसोलीची शाळा आठवली.
चौथीत मी म्हटलं होतं, "बाई, आमी खारीन जाताव."
बाईंनी फळ्यावर लिहिलं: आम्ही खाडीवर जातो.
दहा वेळा लिहून आण.
अर्थ तोच होता, तेव्हाही शब्दाला शब्द.
पण खारीन जाताना चिखल पिंडऱ्यांपर्यंत यायचा,
निवट्या बोटांतून निसटायच्या.
खाडीवर कोण जात होतं देव जाणे,
त्यांचे पाय कोरडे होते.
मीही पुढं तसंच बोलत आले.
नोकरी त्या बोलण्यावरच लागली, तक्रार नाही.

"जुना लाव," कुंदा म्हणाली.
"पण काकी, आता तर अर्थ कळला."
"कलला त कलला. लाव तू."

लावलं.
सुरुवातीला जरा बिचकत, कान टवकारून,
पाहुण्याचं खरं नाव उशिरा कळावं तशा.
मग तो आला, वाळूसकट,
त्याला जे मागायचं ते मागत,
आणि शेडगेवहिनीचे दोन्ही हात वर गेले.

दारात कुणी नवीन बाई उभी होती,
हातातल्या पिशवीतून मेथी बाहेर डोकावत,
आत येऊ की नको अशी.
कुंदा नाचता नाचताच वळली:
"दमलीस ना?
मंग ये."