शनीला तेल

ब्रेकनला आई आली तेव्हा शनी वर होता.
गेथिन प्रॉसरच्या परसात, मेंढ्यांच्या कुंपणापाशी,
तिनं काजळाचा डोळा आयपीसला टेकवला
आणि दचकून मागे सरली:
"अगं बाई, याला खरंच कडं आहे!"

दिवाळीआधी ती परतली.
काचेवर राहिली पापण्यांची काळी कोर.

मी स्वेटरची बाही पुढे केली.
गेथिननं मनगट धरलं. "आधी वारा."
रबरी फुगा दाबला, फुस्स, फुस्स,
वाळूचे न दिसणारे कण उडाले.
ते घासले असते तर चरा जन्माचा.
फुंकर नको, फुंकरीत थुंकी असते.
थेंब कापसावर, काचेवर कधीच नाही,
नाहीतर कडेनं आत उतरतो
आणि मग बस बघत.

बोळा मधून कडेला,
त्याच्याच वजनानं फिरू द्यायचा,
एका बोळ्याचा एकच फेरा.
सहाव्याला काजळ सुटलं.
एक ठिपका उरला. मी पुन्हा बोळा उचलला,
गेथिननं झाकण लावून टाकलं.

रात्री आईला फोन.
"दर शनिवारी वाहतेस ते तेल
या खेपेला थेट पोचवलंस की!"
ती हसली नाही.
"पुसलंस?"
"पुसलं."
"नीट?"
"सहा बोळे लागले."
जरा थांबली. मागे कुकरची शिट्टी.
"आणि कडं? ते आहे ना अजून?"

आहे, म्हटलं.
ब्रेकनवर नऊ रात्री ढग होते.